त्या दिवशीचे रोल

— नाय, व्हिनेगर नाय घालत मी. सगळे घालतात, घालू देत. मोबाईलवर बघून आलीस ना? त्या बाईने अर्धी बाटली ओतली असेल आणि वर कॅमेऱ्यात बघून हसली असेल. माझ्या घरात ती बाटली येत नाय. आंबट पाहिजे तर लिंबू पिळ. बस, अशी जवळ बस, लांबून काय दिसणार तुला — आणि आधी हात धू. धुतलेस? कधी धुतलेस, मी बघितलं नाय. परत धू. नखं दाखव. शी! ह्या बोटाचं नेलपॉलिश बघ, अर्धं हाय, अर्धं नाय. उरलेलं अर्धं कुठं गेलं? कुणाच्या तरी पोटात गेलं ना? राग मानू नको, अंकिता. गल्लीतल्या अंबरीनने तुझं नाव काढलं तेव्हाच मी तिला बोलले होते, पोरीला शिकवीन, हातचं राखून नाय ठेवणार, पण माझं तोंड तिला ऐकायला लागेल. पोलादपूरवरून एवढी आलीस तर नीट शिकून जा.

आता हा स्प्रिंग रोलचा कोबी बघ. पातळ चिरला, मीठ चोळलं, अर्धा तास ठेवला. हे फडकं घे, त्यात बांध आणि पिळ. अजून. अजून पिळ, कपडे पिळतेस ना घरी? — बघ किती पाणी निघालं. हे आत राहिलं की रोल तेलात फुटतो, आणि नाय फुटला तर आतून गिळगिळीत होतो. लोक गिळगिळीत पण खातात गो, लोकांचं काय सांगू. परवा एक बाई आली, पोरीच्या हळदीला दीडशे समोसे सांगितलेले, चांगल्या घरातली, गळ्यात एवढं सोनं — आली आणि परातीतला एकेक समोसा बोटाने दाबून बघायला लागली. बाजारात टोमॅटो दाबतात तसा. तेच बोट मघाशी नाकात होतं, मी बघितलं होतं. मी बोलले, ताई, आता हे कुणी खायचे? तर ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करते. ती परात मी बाजूला सारली आणि दुसरी भरायला बसले, तिला तासभर ताटकळत ठेवलं. — वाया गेली? गेली. मग काय करू, ते पाहुण्यांच्या तोंडात घालू? आमचे विनीत — माझे मिस्टर, बिरवाडीला कंपनीत असतात — ते बोलतात, वैशाली, तुला किळसेचा आजार झालाय. तेल एकदा तापवलं की टाकतेस, फडकं रोज उकळतेस, पाण्याच्या पेल्याचा पण वास घेतेस. पहिली तू अशी नव्हतीस. नव्हतेच. बरोबर बोलतात.

हा, आता पट्टी, सारण गुंडाळायची. ही मला खतीजाचाचीने शिकवली, अंबरीनच्या सासूने. आम्ही महाडला नवीन आलो तेव्हा त्यांच्याच गल्लीत खोली घेतलेली, ओळखीचं कुणी नाय, मी दिवसभर दारात उभी. रमझान चालू होता, चाचीच्या ओटीवर पट्ट्यांचा ढीग, मी आपली बघत राहायची. त्यांनीच हाक मारली — ये गो, बघतंस काय, बस. तर बघ, दोन पातळ चपात्या, मध्ये तेल, वर मैदा भुरभुरायचा, एकावर एक ठेवून पुन्हा लाटायच्या, आणि तव्यावर फक्त दाखवायच्या. भाजायच्या नाय, दाखवायच्या. गरम असताना अशा सोडवायच्या — भाजतात बोटं, भाजू देत, दोन दिवसांनी काय वाटत नाय. समोशाला लांब कापायची, रोलला चौकोनी. एकच पट्टी, दोन कामं. चाचीने मला सहा महिने शिकवलं आणि एकदा पण विचारलं नाय, की तू सासर सोडून इथं का आलीस. शहाणी बाई.

नूडल्स थोड्याच घ्यायच्या, नुसत्या नावाला. आणि त्या आजच्या आज उकडायच्या. कालच्या नाय. फ्रिजमधल्या नाय. थोड्या उरल्या, टाकवत नायत, मनाला लागतं — लागू दे, टाक. हे लिहून घे वहीत, बाकी काय लिहिलं नाय तरी चालेल. — किती करायचे म्हणतेस रोजचे? दोनशे? पोलादपुरात दोनशे रोल कोण खाणार गो रोज? — मग कुठं देणार? — कुठं?

हिरकणीवाडीत.

रोपवेच्या खाली. बरं. तिथं गाळे पुष्कळ हायत. कुणाचा गाळा?

— थांब. लाटणं ठेव खाली.

राहुलशेठ म्हणतात काय आता त्याला? शेठ! दीर हाय माझा तो. सख्खा धाकटा दीर. — तुला नव्हतं ठाऊक, तुझी काय चूक. त्यानेच सांगितलं तुला माल द्यायला? काय बोलला? — दोन दिवसांचं सारण एकदमच करून ठेव, रोज रोज कशाला खपतेस. असंच बोलला ना? मी तुझ्या तोंडावरून ओळखलं. तोच सूर. गोड. वहिनी, कशाला एवढी खपतेस — मला पण असंच बोलायचा. शी. तोंडात पाणी येतं ना, तसं नाय, ओकारीच्या आधी येतं तसं पाणी आलं बघ तोंडात.

नाय, मी तुला जा पण सांगत नाय आणि जाऊ नको पण सांगत नाय. तुझ्या नवऱ्याचं काम सुटलंय, मला अंबरीनने सांगितलंय. फक्त एक ऐकून जा. चार वर्षं झाली. त्या गाळ्यावर रोल करायला एक बाई होती. घरातलीच. आधी वडा, भजी, समोसे एवढंच असायचं, मग राहुलने बोर्ड लावला, स्प्रिंग रोल, लाल अक्षरात, कारण मुंबईची माणसं विचारतात. तर फेब्रुवारीचा महिना, शनिवारी दोन मोठ्या बस येणार म्हणून मोठं पातेलंभर सारण केलेलं, नूडल्स, कोबी, गाजर. बस आल्याच नायत. रविवारी वाडीत वीज नव्हती, सकाळपासून रात्रीपर्यंत नाय, फ्रिज बंद, आणि महाडकडची फेब्रुवारीतली दुपार तुला काय सांगायची. सोमवारी सकाळी फोन आला, शाळेची सहल येतेय, मुली हायत, पन्नास नाष्टे तयार ठेवा. राहुल बोलला, सारण हाय ना, तेच वापर. तर पातेल्याचं झाकण काढलं — आंबूस वास. कोबी पिवळट, सगळीकडे पाणी सुटलेलं, नूडल्सना तार आलेली. हात घातला तर बोटांना असं बुळबुळीत लागलं, शेवाळावर हात पडावा तसं, आणि मी हात झटकला आणि त्याला बोलले —

काय?

नाय, तिने. तिने हात झटकला. त्या बाईने.

— बघू नको अशी. ‘मी हात झटकला’ असं म्हटलं का मी? म्हटलं. बरं. मीच. दुसरी कोण असणार, घरातलीच बोलले ना, त्या घरात मी एकटीच होते रोल वळणारी.

तर मी त्याला बोलले, भावोजी, हे गेलं. वास घ्या. त्याने नाक लावलं पण नाय. फळीवरची व्हिनेगरची बाटली काढली, बूच दाताने उघडलं, आणि अख्खी ओतली पातेल्यात. वर सोया सॉस, वर मिरपूड. बोलला, आता घे वास. घेतला. व्हिनेगरचाच आला. वहिनी, तेलात सगळं मरतं, बोलला. तेलात सगळं मरतं! आणि मी वळायला बसले. कोणी हात धरून बसवलं नाय मला. विनीत तेव्हा घरी बसलेले, घर राहुलच्या नावावर, चूल त्याची, माझी पोरगी त्याच्या गाडीतून शाळेत जायची — हे मी तुला आता सांगते, पण तेव्हा वळताना ह्यातलं काय पण डोक्यात नव्हतं. तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की पन्नास करायचे हायत, भरभर हो. दोन तास ते बुळबुळीत माझ्या बोटात. मध्ये मळमळायला लागलं म्हणून उठले आणि शेजारी रंगूबाईकडे गेले.

रंगूबाई कोण, ते पण सांगते. आमच्या गाळ्याला लागून निळ्या प्लास्टिकखाली बसायची, ताक घेऊन. म्हातारी. दोन म्हशी, एक मडकं, दोन स्टीलची भांडी, बस. गडावर जाणारा माणूस तिथं थांबल्याशिवाय जायचा नाय. तिचं ताक — गाढं, थंड, वर कोथिंबिरीचं एक पान. मी गेले, एक भांडं प्यायले. पोटात थंड वाटलं. दुसरं मागितलं, त्यात मीठ जास्ती घालायला लावलं. ती बोलली, तोंड का एवढं उतरलंय गो तुझं? मी बोलले, काय नाय, ऊन लागलं. आणि परत जाऊन वळायला बसले.

साडेनऊला मुली आल्या. आठवी-नववीच्या. निळे फ्रॉक, पांढऱ्या रिबिनी. सगळ्यांनी नाय खाल्ले, एकोणीस जणींनी रोल घेतले, बाकीच्यांनी वडा. एक बारकीशी होती, दोन वेण्या, पुढचा दात जरा आडवा, ती परत आली — काकी, सॉस द्या ना अजून, मस्त हायत. मी दिला. मी स्वतःच्या हाताने तिच्या ताटलीत सॉस दिला. मग सगळ्या रंगूबाईकडे गेल्या ताक प्यायला, त्यांचे सर पण गेले, सरांनी तर दोन भांडी मारली. आणि रोपवेने वर गेल्या.

बाराच्या आत वरून फोन. मग रोपवेच्या पाळण्यातून एकेक खाली आली. काय सांगू — फ्रॉक भरलेले, रिबिनी सुटलेल्या, एकमेकींच्या अंगावर ओकत होत्या. ती दोन वेण्यांची पोर तर डोळे उघडत नव्हती. तो वास आला आणि अंकिता, त्या ओकारीत पण व्हिनेगर होतं. मला आला. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, मला कळलं. जीप केल्या, मिळेल त्या गाडीत घालून महाडला दवाखान्यात धाडल्या. मागे माणसं जमली. सगळा रस्ता. काय खाल्लं, कुणाकडे खाल्लं — आणि मी काय बोलायच्या आत राहुल ओरडला, ताक! उन्हात ठेवलेलं ताक! मी रोज सांगतो म्हातारीला! सगळ्या पोरी तिच्याकडे प्यायल्या, विचारा! — आता विचार कर, ते सर दोन भांडी पिऊन समोर ठणठणीत उभे होते. वडा खाऊन ताक प्यायलेल्या पोरी ठणठणीत होत्या. एकाला पण सुचलं नाय. माणसांना सोपं पाहिजे असतं गो. म्हातारी, फाटकं प्लास्टिक, मातीचं मडकं — तिच्यात घाण असणार हे बघूनच पटतं. आणि आमचा गाळा, टाईल्स लावलेल्या, बोर्ड, लाल अक्षरं. राहुलने लाथ घातली मडक्याला. सगळं ताक रस्त्यावर. पांढरंशुभ्र, गोड वासाचं ताक. मातीत पसरत गेलं.

आणि रंगूबाईने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाय. बोलली, वैशाली, तू सांग गो ह्यांना. सकाळी तूच पहिली प्यायलीस ना माझ्याकडचं?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. राहुल पण.

मी बोलले, मी नाय प्यायले.

— हो. असंच. मी नाय प्यायले. मला काय ठाऊक, तेवढं पण बोलता आलं असतं. गप्प राहता आलं असतं. पण नाय, सरळ, मान वर करून. ओठांवर ताक सुकलेलं असेल कदाचित तेव्हा पण.

संध्याकाळी तपासायला माणसं आली, पण नमुना घ्यायला होतं काय? मडकं फुटलेलं, आणि राहुलने उरलेले रोल दरीत फेकून तेल बदललेलं, पातेलं मी घासलेलं. मीच घासलं, राखेने, तीनदा. पोरी वाचल्या. सगळ्या वाचल्या, ती पण वाचली, दोन वेण्यांची, चार दिवस सलाईनवर होती. ते चार दिवस मी जेवले नाय. नाय, पश्चात्ताप बिश्चात्ताप नाय, तसलं मोठं काय सांगू नको मला — हाताला वास यायचा. हात तोंडाकडे नेला की तो बुळबुळीत वास, त्यावर व्हिनेगर. चमच्याने खाल्लं तरी यायचा. अजून येतो कधी कधी. म्हणून धुते. तू मघाशी हसलीस ना मनात, केवढी ही बाई धू धू करते. मैद्याची किळस नाय मला, तेलाची नाय, त्या सोनेवाल्या बाईच्या बोटाची पण नाय खरी. ह्या दोन हातांची हाय. आणि ह्याच हातांचं लोक कौतुक करतात, वैशालीताई, काय हात हाय तुमचा!

रंगूबाईला गाळेवाल्यांनी मिळून सांगितलं, इथं बसायचं नाय. तिला कुणी मारलंबिरलं नाय. पण बायका पाण्यावर बोलायच्या, विषाचं ताक. पोरं ओरडायची. म्हशी विकल्या तिने आणि वरंधला लेकीकडे गेली. दोन महिन्यांनी मी पण विनीतच्या मागे लागून महाडला आले. त्यांना वाटतं दिराशी पटत नाय म्हणून आले. त्यांना हे ठाऊक नाय. कुणालाच नाय ठाऊक — आता तुला हाय. का सांगितलं मी तुला? तू कोण माझी? पिठाचे हात घेऊन काय ऐकत बसलीस?

ऐक आता, अर्धं नको ठेवायला. ह्या दिवाळीनंतर मी वरंधला गेले. डबाभर समोसे केले, ताज्या तुपात, घराला विचारत विचारत गेले. म्हातारी अंगणात बसलेली, वाल सोलत. ओळखलं मला. बस बोलली. मी डबा उघडून पुढं केला. तिने एक समोसा घेतला, मोडला, नाकाजवळ नेला, वास घेतला. मला वाटलं खाईल. परत डब्यात ठेवला. मी बोलले, मावशी, त्या दिवशी तुमच्या ताकात काय नव्हतं. आमच्या रोलमध्ये होतं. मला ठाऊक होतं. ती वाल सोलतच होती. बोलली, मला पण ठाऊक होतं. माझं ताक मला ठाऊक नाय होय? दोन भांडी प्यायलीस. दुसऱ्यात मीठ मागितलंस.

मी रडायला लागले, तर बोलली, रडू नको गो, मला त्याचा कंटाळा येतो. आत जाऊन ताक आणलं, शेजारच्यांच्या म्हशीचं, तिच्या लेकीच्या समोर मला दिलं. पी, बोलली. मी प्यायले. लेक बघत होती दारातून. मग मी पाया पडायला वाकले, मावशी, माफ करा. तिने पाय मागे घेतले. बोलली, मला सांगून काय होणार? मी तर पहिल्यापासून जाणते. जिथं नाय म्हणालीस तिथं जाऊन हो म्हण. वाडीत. दुपारी, गर्दी असताना, त्याच्या गाळ्यासमोर. माझी नात लग्नाला आली, वाडीतलीच सोयरीक होती, विषवालीची नात म्हणून मोडली. मी मेल्यावर सांगून मला काय. मी हाय तोवर सांग.

डबा तिने झाकण लावून परत दिला. होते तेवढे सगळे समोसे त्यात, एक मोडलेला. भोरवरून येणाऱ्या गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसले, शेजारच्या बाईला तुपाचा वास आला, ती बोलली, काय करून नेताय ताई, छान वास येतोय. मी बोलले, नेत नाय, परत आणतेय.

— काय?

— वाडीत जाऊन सांगितलं का म्हणजे?

दिवाळी होऊन तीन महिने झाले. वाडी काय लांब नाय इथून, सकाळी गेलं तर जेवायला घरी. मला ठाऊक हाय.

हे बघ, पावणेचार झाले. पोलादपूरची गाडी सुटेल तुझी. तो गोळा राहू दे, मी बघते त्याचं काय करायचं ते. राहू दे म्हटलं ना! पट्ट्या पण ठेव. उद्या? — उद्याचं उद्या बघू, मी अंबरीनकडे निरोप देईन. उठ. वही घे तुझी.

आणि हे काय — वाकतेस कशाला? पाया नको पडू. शी, नको म्हटलं ना, माझ्या पायाला हात नको लावू. हो बाजूला. चप्पल घाल आणि जा.